पायघोळ झग्याखालचा जोडा

सांगलीहून मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या एका आजींना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नातीच्या खोलीत, कपाटाच्या दाराला टांगलेला गडद हिरव्या रंगाचा एक पायघोळ झगा दिसला. नात बारावीत, वय वर्षे सतरा. मेअखेरीस तिच्या शाळेत ‘प्रॉम’ होता आणि त्यासाठी हा झगा फेब्रुवारीतच घेऊन ठेवला होता. ‘गाऊन’ हा त्याचा खरा शब्द. परंतु आपल्याकडे गाऊन म्हटले की सकाळी दूध घ्यायला दाराशी येणाऱ्या गृहिणीचा सैल पोशाख डोळ्यांसमोर येतो, तेव्हा झगाच म्हणणे बरे.

प्रॉम म्हणजे अमेरिकेतील माध्यमिक शाळांचा औपचारिक नृत्यसमारंभ. ‘प्रॉमेनाड’ या शब्दाचे हे लघुरूप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील महाविद्यालयांत ही प्रथा सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळांतून रुजली. एप्रिल ते जून हा तिचा हंगाम. शाळेची व्यायामशाळा किंवा एखाद्या हॉटेलचे मोठे दालन, काळ्या कोटातील मुलगे, जमिनीपर्यंत पोचणाऱ्या झग्यांतील मुली, आधी अंगणात छायाचित्रे, मग जेवण आणि मग तीन-चार तास नाच. आपल्या समाजातील जी कुटुंबे तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांच्या मुलामुलींच्या आयुष्यात हा दिवस आता येतोच. आईवडिलांना मात्र त्याची पूर्वपीठिका नसते. झग्याबद्दल चर्चा होते, गळा किती खोल असावा यावर वाद होतात, पाठ झाकलेली असावी असा आग्रह धरला जातो. जोड्याबद्दल कोणी विचारत नाही. तो झग्याखाली झाकलेलाच राहणार, ही समजूत.

आपली परंपरा येथे काही शिकवू शकत नाही, हेही खरे. भरतनाट्यम् असो वा कथ्थक, आपले नृत्य अनवाणी पायांनी व्हायचे. या मुलीने स्वतः नऊ वर्षे भरतनाट्यम् शिकून पंधराव्या वर्षी अरंगेत्रम् केले होते. पाऊल जमिनीवर कसे आपटावे, हे तिला कोणी सांगायला नको होते. पण टाच दोन इंच उचललेली असताना तोल कुठे जातो, याचा तिला अनुभव नव्हता.

झगा आणि जोडा यांत आधी काय घ्यावे, याचे व्यवहारातील उत्तर नेहमी ‘झगा’ असे असते. त्याला हरकत नाही; मात्र झग्याची लांबी कापण्यापूर्वी जोडा हातात असलाच पाहिजे. तयार झगे उंच मुलींच्या मापाने शिवलेले असतात आणि बहुतेकींना ते खालून आखूड करून घ्यावे लागतात. हे काम करणाऱ्या अनुभवी बाईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जोडा आणला आहे का? तो पायात घालून मुलीला ताठ उभी करायचे, खाली न बघता समोर बघायला सांगायचे आणि जमिनीपासून साधारण अर्धा ते एक इंच वर टाचण्या लावायच्या. नाचायचे असेल तर एक इंच बरा. मुलीने मान खाली घातली की पुढची किनार खाली येते आणि माप चुकते, ही बारीक गोष्ट शिवणकाम करणाऱ्यांना ठाऊक असते, घरच्यांना नसते.

याचा अर्थ असा की कापडाला कात्री लागली, त्या क्षणी टाचेची उंचीही ठरून गेली. नंतर बुटकी टाच घेतली तर झगा जमिनीवर लोळतो, जोडीदाराच्या पायाखाली येतो. तो पुन्हा आखूड करता येतो, पण शिलाई दुसऱ्यांदा पडते. नंतर उंच टाच घेतली तर झगा घोट्यावर लटकतो आणि त्याला उपाय नाही. कापलेले कापड परत जोडता येत नाही.

झग्याची किनार आणि जोडा यांचे हे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपातील नृत्यगृहांत स्त्रिया बिनटाचेच्या, साटीनच्या पातळ सपाता रिबिनींनी घोट्याला बांधून नाचत. त्यांत डावा-उजवा असा भेद बहुधा नसे. घालून घालून जो ज्या पायाचा होईल तो खरा. पुढे १९२० च्या दशकात किनार गुडघ्याकडे सरकली आणि शतकानुशतके झाकलेला जोडा एकदम उघड्यावर आला. १९२३ साली ब्रॉडवेवरील ‘रनिन वाइल्ड’ या संगीतिकेने चार्ल्स्टन हे नृत्य घरोघर पोचवले. पाय झटकून नाचण्याच्या त्या प्रकारात साधा जोडा पायातून उडून जायचा, म्हणून पावलावरून आडवा पट्टा आणि बकल असलेला जोडा लोकप्रिय झाला. तो पट्टा आजही तितकाच उपयोगी आहे. टाचेमागून उघडा असलेला, नुसता पाय सरकवण्याचा जोडा उभे राहून छायाचित्र काढण्यापुरता ठीक. नाचताना तो धरून ठेवण्यासाठी पायाची बोटे सतत आवळावी लागतात आणि तासाभरात पोटऱ्या भरून येतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी मुलींमध्ये आणखी एक रिवाज होता. पांढऱ्या साटीनचा साधा जोडा घ्यायचा आणि झग्याच्या कापडाचा तुकडा दुकानात देऊन तंतोतंत त्याच रंगात तो रंगवून आणायचा. पाऊस लागला की रंग पायाला उतरे. आता तो आग्रह उरलेला नाही. सोनेरी, रुपेरी किंवा त्वचेच्या रंगाचा जोडा कोणत्याही झग्याखाली चालतो, आणि पुन्हा वापरताही येतो. हिशेबी मनाला हे अधिक पटणारे आहे.

या मुलीनेही त्वचेच्या रंगाची, घोट्याशी पट्टा असलेली, दोन इंची जाड टाचेची सँडल मागवली होती. संकेतस्थळावरील वर्णनात वरचा भाग कृत्रिम असल्याचे लिहिले होते, ते तिने वाचून घेतले होते. ते वाचण्यामागे कारण होते. पाठशाळेत दुग्धव्यवसायावर झालेल्या चर्चेनंतर दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःहून दूध सोडले होते, घरातल्या कोणाच्याही सांगण्याशिवाय. आजींना चहाही तिच्यासमोर संकोचाने प्यावा लागे. सँडल आली, झगा त्या उंचीला कापून झाला, आणि जोडा खोक्यात पडून राहिला.

प्रॉमला तीन आठवडे उरले असता एका संध्याकाळी ती घालून बघताना तळाशी चिकटलेली चिठ्ठी आजींच्या हाती आली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली.

“हे चित्र कसलं गं बाळ? कातडं ताणून वाळत घातल्यासारखं दिसतंय.”

ते खरोखरच कातडे होते.

पादत्राणांवरील या चित्रखुणा १९९४ च्या युरोपीय निर्देशानुसार ठरलेल्या आहेत. तेथे विकल्या जाणाऱ्या जोड्यांवर त्या असाव्या लागतात आणि तोच माल जगभर जात असल्याने अमेरिकेतही अनेकदा आढळतात. जोड्याचे तीन भाग मानले आहेत: वरचा भाग, आतले अस्तर व आतला तळ, आणि बाहेरचा तळ. प्रत्येक भागासमोर चारांपैकी एक खूण असते. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे. त्याच आकृतीत छोटा चौकट-आकार असेल तर वरून लेप दिलेले चामडे. विणलेल्या जाळीची खूण कापडासाठी आणि नुसता चौकट-आकार इतर पदार्थांसाठी, म्हणजे बहुधा रबर वा प्लास्टिकसाठी. या सँडलच्या वरच्या भागासमोर चौकट होती, बाहेरच्या तळासमोर चौकट होती. मधल्या ओळीत, जेथे पाऊल प्रत्यक्ष टेकते तेथे, कातडे होते. संकेतस्थळाने खोटे काही सांगितले नव्हते. जेवढे सांगितले तेवढे खरे होते.

या खुणांतही एक मेख आहे, ती आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. एखाद्या भागाचा किमान ८० टक्के अंश ज्या पदार्थाचा, त्याची खूण लावली की पुरते. उरलेल्या २० टक्क्यांत चामड्याची पट्टी असली तरी ती खुणेत दिसत नाही. जोड चिकटवण्यासाठी वापरलेल्या डिंकाचा तर या चिठ्ठीत उल्लेखच नसतो. कर्जाच्या करारातील बारीक अक्षरे जशी वाचावी लागतात, तशीच ही चिठ्ठी वाचावी आणि तरीही शंका राहिली तर उत्पादकाला लेखी विचारावे. ‘सर्व भाग मानवनिर्मित’ असे स्पष्ट विधान असेल तर ते अधिक भरवशाचे. सुएड, नुबक, नापा ही सुंदर नावे मुळात चामड्याचीच आहेत; पुढे ‘कृत्रिम’ असा शब्द नसेल तर ती तशीच समजावीत. चकचकीत ‘पेटंट’ तर दोन्ही प्रकारांत मिळते.

साटीनबद्दलही गैरसमज आहे. साटीन हा धागा नसून विणीचा एक प्रकार आहे. ती वीण पॉलिएस्टरची असू शकते, तशीच रेशमाचीही, आणि रेशमासाठी कोशातील किड्यांचे काय होते हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. स्वस्त साटीन जवळजवळ नेहमीच पॉलिएस्टरचे असते. महागड्या जोड्याच्या बाबतीत मात्र विचारून घ्यावे. येथे किंमत वाढते तशी चिंता वाढते, हा एक विनोदच.

त्या संध्याकाळी घरात जे बोलणे झाले ते थोडक्यात असे. जोडा परत करण्याची मुदत केव्हाच संपली होती. वडील म्हणाले, पैसे अक्कलखाती जमा धरू, पण वेळ आहे का? आई म्हणाली, “एका रात्रीचा तर प्रश्न आहे. झग्याखाली दिसणार कोणाला?”

“मला माहीत आहे ना,” मुलगी म्हणाली.

आजींचे मत सर्वांनी गृहीत धरले होते. आयुष्य कोल्हापूर-सांगलीत घालवूनही ज्यांच्या पायाला कोल्हापुरी कधी लागली नाही, त्या काय म्हणणार! पण त्या काहीच म्हणाल्या नाहीत. अरंगेत्रम्‌च्या वेळी चेन्नईहून आलेले घुंगरू चामड्याच्या पट्ट्यावर शिवलेले निघाले होते. तेव्हा त्यांनी सांगलीत बसून जाड कापडाची दुहेरी पट्टी शिवली होती आणि एकेक घुंगरू उसवून तिच्यावर लावला होता. त्याची आठवण निघाली तेव्हा एवढेच बोलल्या, “पट्टा शिवता आला. बुटाचा तळ काही मला शिवता यायचा नाही. तूच बघ बाई.”

मग शोध सुरू झाला, आणि तो मोकळा शोध नव्हता. झगा कापलेला असल्याने टाच दोन इंचांपेक्षा उंच चालणार नव्हती. तसा जोडा घेतला असता तर घोटे उघडे पडले असते. दीड इंचापर्यंत खाली येता येत होते, कारण किनार जमिनीपासून पाऊण इंच वर होती. त्यात चामडे नको, रेशीम नको आणि नाचता आले पाहिजे.

नाचता येण्याचा संबंध लोक टाचेच्या उंचीशी लावतात. तो आहे, टाच जितकी उंच तितका देहभार चवड्यावर सरकतो आणि पुढची बोटे चेपली जातात. मात्र टाचेची जाडी आणि तिची जागा यांचे महत्त्व उंचीपेक्षा कमी नाही. सुईसारखी निमुळती टाच हिरवळीवर रुतते, आणि प्रॉमची सर्व छायाचित्रे हिरवळीवरच निघतात. रुंद टाच रुतत नाही. टाच शरीराच्या भाराखाली बरोबर मध्यभागी असावी. ती फार मागे सरकलेली असेल तर पाऊल डगमगते. आणखी एक साधी परीक्षा आहे. जोडा दोन्ही हातांत धरून वाकवावा. तो चवड्यापाशी, जेथे पाऊल वाकते तेथे वाकला पाहिजे. मध्यभागी, कमानीखाली वाकला तर आतली आधारपट्टी कच्ची आहे असे समजून तो ठेवून द्यावा. चांगल्या उंच टाचेच्या जोड्यात येथे बहुधा पोलादी पट्टी असते. जोड्याचा कणाच तो.

व्यावसायिक नृत्यासाठी वेगळे जोडे मिळतात. वॉल्ट्झसारख्या नृत्यांत पुढचे पाऊल टाचेवर टेकून टाकतात, म्हणून त्यांचा जोडा पुढून बंद व टाच पक्की असते. लॅटिन नृत्यांत भार चवड्यावर राहतो, तेथे पुढून उघडी, पट्ट्यांची सँडल. दोन्हींचा तळ मात्र सुएडचा, म्हणजे चामड्याच्या लवदार बाजूचा. तो लाकडी जमिनीला पुरेसा धरतो आणि गिरकी घेताना पुरेसा सोडतो. हे धरणे-सोडणे महत्त्वाचे आहे. तळ जमिनीला चिकटून राहिला आणि शरीर फिरले तर पीळ गुडघ्याला बसतो. तळ फार गुळगुळीत असेल तर पाय सटकतो. आता सुएडसारख्या मायक्रोफायबरचा तळ असलेले नृत्याचे जोडेही तयार होतात आणि ज्यांना नियमित शिकायचे आहे त्यांनी ते अवश्य शोधावेत. एका रात्रीसाठी त्यांची गरज नाही. शिवाय असा तळ ओल्या रस्त्यावर चालून खराब होतो.

मुलीला अखेरीस एका मॉलमध्ये, सायंकाळी सातच्या सुमारास, रुपेरी रंगाचा जोडा मिळाला. वेळेचा उल्लेख सहज केलेला नाही. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी घेतलेले माप रात्री चावते. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मोठे असते, तेव्हा मोठ्याचे माप धरावे. अमेरिकी मापात एका पूर्ण क्रमांकाचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. म्हणून अर्धा क्रमांक वाढवून चवड्याखाली पातळ गादी घालणे हा शहाणपणाचा मार्ग. तिने तेच केले. जोडा पुढून बंद, पॉलिएस्टर साटीनचा, टाच पावणेदोन इंच आणि चौकोनी, पावलावर एक पट्टा. बकल लहान आणि गुळगुळीत होते, हे आईच्या लक्षात आले आणि ते योग्यच झाले. खडे जडवलेली बकले झग्याच्या आतल्या जाळीत अडकतात व जिन्यावर ती फाडतात. आत ‘सर्व भाग मानवनिर्मित’ असा शिक्का होता. डिंकाबद्दल उत्पादकाला विचारलेल्या पत्राचे उत्तर चार दिवसांनी आले: डिंक कृत्रिम.

कृत्रिम जोड्याच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. चामडे पावलाप्रमाणे ताणते आणि घाम शोषते. प्लास्टिक बहुधा यातले काहीच करत नाही. घामाने ओली त्वचा घासली की फोड येतात. शिवाय प्लास्टिकही खनिज तेलापासूनच येते आणि टाकून दिल्यावर मातीत मिसळत नाही, ही टोचणी विचारी माणसाला राहणारच. तिच्यावर एकच उतारा दिसतो: जोडा असा घ्यावा की तो त्या रात्रीनंतरही वापरला जाईल. घासण्याचा प्रश्न मात्र सरावाने सुटतो. रोज अर्धा तास, पायमोजे घालून, घरातल्या घरात चालायचे. या घरी ती वेळ आजींच्या पोळ्यांची होती. ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत नात टक्‌ टक्‌ करत फेऱ्या मारी, आणि पाचव्या दिवशी आजींनी पोळी लाटता लाटता सांगितले, “उजवा पाय अजून अलगद टेकवतेस. कुठं लागतंय?” करंगळीपाशी लागत होते. तेथे आतून मऊ पट्टी चिकटवली.

तळ नवा आणि गुळगुळीत होता. वडिलांनी गॅरेजमधून पॉलिश पेपर आणून तो आडवा-उभा हलकेच घासला. फार घासला असता तर पाय अडला असता. थोडा घासायचा, स्वयंपाकघरात एक गिरकी घेऊन बघायची, पुन्हा थोडा. तिसऱ्या गिरकीला मुलगी म्हणाली, पुरे.

प्रॉमच्या संध्याकाळी अंगणातील हिरवळीवर छायाचित्रे निघाली. मैत्रिणींपैकी दोघी टाचा रुतू नयेत म्हणून चवड्यांवर उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यांवर ते उमटले आहे. हिरवा झगा दोन अंगुळे अधांतरी होता. जोडा कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. फक्त मोटारीत चढताना तिने झगा उचलला तेव्हाच्या एका चित्रात रुपेरी टोक आले आहे.

रात्री साडेबाराला ती परतली तेव्हा आजी जाग्याच होत्या. बऱ्याच मुलींनी दहानंतर जोडे भिंतीकडेला काढून ठेवले आणि अनवाणी नाचल्या, असे तिने सांगितले.

“आणि तू?”

“घातलेच होते. शेवटच्या गाण्याला चवडे थोडे दुखले. आणि अनवाणी मी नऊ वर्षं नाचलेच आहे ना, आजी.”

सकाळी आजींनी ओल्या फडक्याने जोड्याचे तळ पुसले, पट्ट्याचे वाढलेले भोक सुईदोऱ्याने आवळले आणि आत जुने वर्तमानपत्र चुरगाळून घालून जोडा खोक्यात ठेवला. डिसेंबरात सांगलीला आतेभावाचे लग्न होते.